दोन नद्यांमधला उंचवटा : चित्रपट विचार करायला कसा लावतो?

१. साधा प्रश्न, अवघड उत्तर

अमुक चित्रपट ‘विचार करायला लावणारा’ आहे असे परीक्षणात छापून येते किंवा ओळखीचे कोणी तसे सांगते, तेव्हा सामान्य प्रेक्षकाच्या मनात एक रास्त शंका येते, ती अशी की विचार तर कोणताही चित्रपट पाहताना थोडाफार होतोच, मग हा चित्रपट इतरांहून वेगळे असे नेमके काय करतो? या शंकेला लागूनच आणखी दोन शंका येतात : जात, गरिबी, बाईवरचा अन्याय असा विषय घेतला की चित्रपट आपोआप विचारप्रवर्तक होतो का, आणि असे चित्रपट पाहून समाजात खरोखर काही बदलते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आधी एका डोंगराची ओळख करून घेणे सोयीचे होईल.

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याचा बागली तालुका विंध्य पर्वताच्या माथ्यावर आणि त्याच्या दक्षिण उतारावर वसलेला आहे. याच भागात उगम पावणारी काली सिंध उत्तरेकडे वाहत जाऊन चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला मिळते, त्यामुळे तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. उलट दक्षिण उतारावर पडलेले पाणी ओढ्यानाल्यांतून नर्मदेत उतरते आणि अरबी समुद्राला जाते. म्हणजे एकाच ढगातून, एकाच सरीत, हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांच्या समुद्रांना जाऊन मिळू शकतात. ज्या उंचवट्यावर पाण्याची अशी वाटणी होते त्याला भूगोलात जलविभाजक म्हणतात.

विचार करायला लावणारा चित्रपट प्रेक्षकाला अशाच एका उंचवट्यावर नेऊन उभा करतो. तिथून दोन्ही उतार दिसतात, दोन्हींकडे वळायला काही ना काही कारण असते, आणि कोणत्या बाजूला वळायचे याचा निर्णय चित्रपट प्रेक्षकाच्या वतीने घेऊन टाकत नाही. तो प्रेक्षकाला तिथपर्यंत कसा नेतो, कोणती साधने वापरतो आणि तिथे किती वेळ थांबवतो, हे समजून घेतले की चित्रपट पाहण्याची रीतच बदलते.

२. निरोप आणि प्रश्न

पहिली गोष्ट ही की विषय गंभीर असणे आणि चित्रपट विचारप्रवर्तक असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. हुंडा वाईट आहे, दारू वाईट आहे, मुलींना शिकवले पाहिजे, असे सांगणारा चित्रपट निरोप देतो, आणि निरोप ही उपयोगाची गोष्ट असली तरी पोस्टमनने दिलेल्या पत्रासारखी ती हातात पडली की देवाणघेवाण संपते. प्रश्न मात्र प्रेक्षकाबरोबर घरी येतो, कारण त्याचे उत्तर अजून लिहायचे बाकी असते.

हा फरक मराठी प्रेक्षकाला परिचित असलेल्या एका जोडीवरून चांगला कळतो. म्हाताऱ्या नवऱ्याशी तरुण मुलीचे लग्न, म्हणजे ज्याला जरठ-कुमारी विवाह म्हटले जाई, हा विषय गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शारदा’ नाटकात हाताळला. त्या नाटकात ठरलेले लग्न शेवटी मोडते, त्यामुळे असे लग्न होऊ द्यावे का, एवढाच प्रश्न प्रेक्षकासमोर राहतो आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे स्वच्छ मिळते. पुढे १९३७ साली प्रभात फिल्म कंपनीने ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला आणि प्रश्न एका पायरीने पुढे नेला, कारण इथे लग्न होऊन गेलेले आहे. शांता आपटे यांनी साकारलेली नीरा फसवणुकीने बोहल्यावर उभी राहिलेली आहे, नवरा काकासाहेब (केशवराव दाते) विधुर आहे, आणि ती घरात राहते पण त्याला नवरा म्हणून स्वीकारायला ठाम नकार देते. आता प्रेक्षकापुढे अडचण अशी उभी राहते की लग्न हे वचन मानायचे, तर फसवून घेतलेल्या वचनाला बांधिलकी असते का, आणि नसेल तर नकार देणाऱ्या मुलीने जायचे कुठे?

विशेष म्हणजे या चित्रपटाने काकासाहेबांना खलपुरुष केलेले नाही. आपल्या हातून काय घडले आहे हे त्यांना हळूहळू उमगत जाते आणि या उमजण्यातूनच ते शेवटी स्वतःचे आयुष्य संपवतात. खलपुरुष असता तर प्रेक्षकाने त्याचा राग करून सुटका करून घेतली असती. इथे मात्र अन्याय करणारा माणूस एरवी सभ्य आहे आणि त्याचा सभ्यपणा खरा असूनही अन्याय कमी होत नाही, हे सत्य पचवावे लागते. त्याच वेळी या शेवटावर शंकाही घेता येते, कारण नवऱ्याच्या मृत्यूने नीरेची कोंडी सुटते खरी, पण ती तिच्या स्वतःच्या कृतीने सुटत नाही. तो जगला असता तर नीरेने काय केले असते, याचे उत्तर १९३७ च्या चित्रपटाने दिले नाही, आणि ते शोधण्याची वाट जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’तील (१९८२) सुलभाने, म्हणजे स्मिता पाटील यांनी, घराबाहेर पाऊल टाकून मोकळी केली.

प्रश्न किती साधा असू शकतो याचे उदाहरण म्हणून विजय तेंडुलकरांची पटकथा असलेला ‘सामना’ घेता येईल, ज्यात डॉ. श्रीराम लागूंचा फाटका मास्तर निळू फुले यांच्या साखरसम्राट हिंदुरावाला मारुती कांबळे नावाच्या माणसाबद्दल पुन्हा पुन्हा विचारत राहतो. एका गरीब माणसाचे पुढे काय झाले, एवढीच ती चौकशी आहे. परंतु ज्या गावात कारखाना, सोसायटी, शाळा सारे काही एकाच हाताखाली आहे तिथे ही चौकशी करणे हेच बंड ठरते, आणि सत्ता म्हणजे काय हे प्रेक्षकाला कोणत्याही व्याख्येशिवाय कळते.

३. दोन दृश्यांच्या मधली जागा

आता साधनांकडे वळता येईल. चित्रपट हा लहान-लहान तुकड्यांनी जोडलेला असतो. कॅमेरा सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत चित्रित झालेल्या एका सलग तुकड्याला शॉट म्हणतात आणि हे शॉट निवडून, कापून, एकापुढे एक लावण्याच्या कामाला संकलन म्हणतात. गोधडीत जसे प्रत्येक चिंधीचे मूळ वेगळे असते पण शेजार बदलला की तिचा रंग वेगळा भासतो, तसेच शॉटचेही असते.

हे तत्त्व सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांनी १९२० च्या सुमारास एका प्रयोगाने दाखवले. त्यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट घेतला आणि तो एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा तरुण स्त्रीच्या शॉटशेजारी जोडला. पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख, कधी अभिलाषा दिसली. चेहरा बदलला नव्हता, बदलला होता तो शेजार, आणि भाव निर्माण केला होता तो प्रेक्षकाच्या मनाने.

हाच प्रयोग बागलीच्या बाजारात कल्पून पाहता येईल. डोक्याला पागोटे बांधलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याचा चेहरा पडद्यावर आहे. त्यानंतर पावसाने झोडपलेले सोयाबीनचे शेत दाखवले तर तो चेहरा हवालदिल वाटेल. त्यानंतर मुलीच्या लग्नाचा मांडव दाखवला तर तोच चेहरा भरून आलेला वाटेल. आणि त्यानंतर शहराकडे निघालेली, मजुरांनी खच्चून भरलेली बस दाखवली तर त्याच डोळ्यांत मागे राहिल्याची जाणीव दिसेल. दोन शॉटच्या मधल्या या रिकाम्या जागेत प्रेक्षक स्वतःचे काहीतरी घालतो. केवळ करमणूक करणारा चित्रपट ही जागा शक्य तितकी अरुंद ठेवतो, जेणेकरून प्रेक्षकाला एकच अर्थ सुचावा; विचार करायला लावणारा चित्रपट ती मुद्दाम रुंद ठेवतो, जेणेकरून प्रेक्षकाला आपण अर्थ लावत आहोत याचे भान यावे.

४. कॅमेरा कुठे उभा आहे?

दुसरे साधन म्हणजे कॅमेऱ्याची जागा. कॅमेरा जिथे ठेवलेला असतो तिथेच प्रेक्षकाला उभे राहावे लागते, त्यामुळे कॅमेऱ्याची जागा ठरवणे म्हणजे प्रेक्षक घटनेच्या कोणत्या बाजूला उभा आहे हे ठरवणे होय.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (प्रदर्शन २०१४) या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. कैकाडी समाजातील जब्या (सोमनाथ अवघडे) शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर त्याचे मन जडलेले आहे, आणि घरी मात्र गावातील डुकरे पकडण्याचे काम त्याच्या कुटुंबाच्या गळ्यात बांधलेले आहे. ‘फँड्री’ या कैकाडी शब्दाचा अर्थच डुक्कर असा आहे. चित्रपटाच्या शेवटच्या भागात हे कुटुंब गावकऱ्यांच्या आणि शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांदेखत डुकरांच्या मागे धावत असते, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि डुकराच्या मागे लागलेले ते सगळे जण ताठ उभे राहतात. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही, ते निसटते. या काही क्षणांच्या दृश्यात कोणीही भाषण करत नाही, तरी प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहतो की ज्या राष्ट्राचा मान हे कुटुंब राखत आहे ते राष्ट्र या कुटुंबाचा मान राखते का. पुढे मारलेले डुकर काठीला बांधून नेताना शाळेची भिंत पार्श्वभूमीला येते आणि तिच्यावर डॉ. आंबेडकर, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांची चित्रे असतात. कॅमेरा तिकडे बोट दाखवत नाही, तो फक्त अशा ठिकाणी उभा आहे की डुकर आणि चित्रे एकाच चौकटीत यावीत.

शेवटी चिडवणाऱ्यांवर संतापलेला जब्या दगड उचलतो आणि तो सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावतो. कॅमेरा जिथे आहे तिथेच प्रेक्षक आहे, म्हणून दगड प्रेक्षकावर येतो. इतका वेळ जब्याच्या बाजूने हळहळणाऱ्या प्रेक्षकाला त्या क्षणी कळते की आपण तर गंमत पाहणाऱ्यांच्या गर्दीत बसलो आहोत, आणि सहानुभूती वाटणे म्हणजे बाजू घेणे होय का, हा प्रश्न घेऊन त्याला उठावे लागते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा याच्या अगदी उलट वागतो, तो दूर, बहुधा स्थिर उभा राहतो आणि घटना संपल्यावरही लगेच हलत नाही. लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्यावर आरोप आहे की त्यांच्या गाण्यामुळे गटारात काम करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, आणि हा आरोप हास्यास्पद असूनही खटला तारखांमागून तारखा घेत चालत राहतो. चित्रपट मग सरकारी वकील बाईंच्या मागे त्यांच्या घरी जातो, तिथे त्या लोकलने घरी येऊन स्वयंपाक करणाऱ्या, मुलांचे पाहणाऱ्या एक साध्या गृहिणी आहेत. न्यायाधीशांच्या मागे सहलीला जातो, तिथे ते कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत. दुष्ट असा कोणीच सापडत नाही, तरी एक म्हातारा कैदेत जातो. ‘कुंकू’तील काकासाहेबांबाबत जी अडचण झाली होती तीच इथे एका संपूर्ण व्यवस्थेबाबत होते, आणि न्यायालयाची सुट्टी लागल्यावर दिवे एकामागून एक मालवले जाऊन दालन अंधारात जाते, तेव्हा प्रेक्षकाला त्या अंधारासमोर काही काळ नुसते बसून राहावे लागते. तो काळ विचारासाठी ठेवलेला आहे.

५. आवाज आणि शांतता

तिसरे साधन ध्वनी. चित्रपटातील पार्श्वसंगीत प्रेक्षकाला कधी रडायचे, कधी घाबरायचे हे कानात सांगत असते. ते काढून घेतले की हा मार्गदर्शक नाहीसा होतो. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत जवळपास वापरलेलेच नाही, दृश्यातील वस्तूंचे, घराचे, माणसांचे नैसर्गिक आवाज तेवढे येतात, आणि काकासाहेबांच्या वयाची आठवण करून देणारे भिंतीवरचे जुने घड्याळ त्यामुळे अधिक ठळक होते. त्यानंतर ७९ वर्षांनी आलेल्या ‘सैराट’ने (२०१६) संगीताचा भरपूर वापर केला, महाराष्ट्राला त्यातील गाण्यांनी नाचवले, आणि मग अखेरच्या दृश्यात सगळा आवाज काढून टाकला; रक्तातून चालत बाहेर येणारे लहानग्या मुलाचे पाऊल प्रेक्षकाने संपूर्ण शांततेत पाहिले. या उदाहरणावरून एक गैरसमजही दूर व्हावा, तो असा की विचारप्रवर्तक चित्रपट नीरस आणि मोजक्या जाणकारांपुरता असतो. प्रेक्षकाला हसवत, गाणी म्हणायला लावत उंचवट्यावर नेता येते; अट एवढीच की वर पोहोचल्यावर त्याचा हात सोडता आला पाहिजे.

६. माहितीपट : खऱ्या गोष्टीचेही संकलन होते

आतापर्यंतची उदाहरणे कथापटांची, म्हणजे रचलेल्या गोष्टींची होती. माहितीपटात खरी माणसे आणि खऱ्या घटना असतात, त्यामुळे तिथे सरळ सत्य दिसते असा समज असतो. परंतु काय चित्रित करायचे, किती दिवस, कोणाच्या घरी बसून, आणि त्यातले काय ठेवायचे, ही निवड तिथेही करावीच लागते.

बागली तालुक्याच्याच दक्षिण टोकाला नर्मदाकाठी धाराजी हे तीर्थस्थान होते. ७ एप्रिल २००५ रोजी, भूतडी अमावास्येच्या यात्रेत, वरच्या अंगाच्या इंदिरा सागर प्रकल्पातून सोडलेले पाणी पात्रात अचानक चढले आणि स्नानासाठी उतरलेले अनेक यात्रेकरू वाहून गेले. पुढे ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयात तो परिसरच बुडाला. या घटनेवर तीन प्रकारे माहितीपट करता येईल अशी कल्पना करून पाहावी. पहिला फक्त वाढते पाणी आणि आक्रोश दाखवेल; प्रेक्षक हादरेल आणि विसरेल. दुसरा धरणातून मिळणाऱ्या विजेचे आणि भिजणाऱ्या शेतांचे चित्रण करून अपघाताचा उल्लेख एका वाक्यात उरकेल. प्रेक्षक निश्चिंत होईल. तिसरा मात्र पाणी सोडण्याची सूचना कोणाकडून कोणाकडे जायला हवी होती, ती वाट कुठे तुटली, वीज कोणत्या गावात पोहोचली आणि कोणत्या गावाचा घाट गेला, हे एकेक पाऊल मागे जात तपासेल. त्यात विजेची गरजही खरी ठरेल आणि बुडालेल्यांचा हक्कही खरा ठरेल. जलविभाजकावर नेणारा माहितीपट तो हाच.

नर्मदेवर असा प्रयत्न झालेला आहे. आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा ‘नर्मदा डायरी’ (१९९५) सरदार सरोवर धरणाच्या बुडिताविरुद्ध चाललेल्या आंदोलनाबरोबर काही वर्षे राहून केलेला आहे, आणि महाराष्ट्रातील बुडिताचे पहिले गाव मणिबेली त्यात केंद्रस्थानी आहे. नावातील ‘डायरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. इतिहासकार शेवट माहीत असताना लिहितो, रोजनिशीकार माहीत नसताना, आणि म्हणून प्रेक्षकालाही त्या अनिश्चिततेत वाटेकरी व्हावे लागते. मराठी चित्रपटाने धरणाचा विचार याहून कितीतरी आधी केला होता. प्रभातच्या ‘शेजारी’त (१९४१) धरणासाठी जमिनी मागणारा भांडवलदार गावातील एका हिंदू आणि एका मुसलमान जिवलग मित्रांत फूट पाडतो, आणि दोघे अखेर त्या धरणावरच एकत्र मृत्यूला सामोरे जातात. हिंदी आवृत्तीत, म्हणजे ‘पडोसी’त, हिंदू पात्र मजहर खान यांना आणि मुसलमान पात्र गजानन जागीरदार यांना देण्यात आले होते, पात्रवाटप हेही विचार मांडण्याचे साधन होऊ शकते, हे त्यावरून दिसते.

माहितीपटाचे आणखी एक साधन म्हणजे काळ. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मरण पावली, आणि त्या वेदनेने लोकशाहीर विलास घोगरे यांनी काही दिवसांतच आत्महत्या केली. घोगरे पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या आधीच्या माहितीपटात गायले होते. त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झालेले ‘जय भीम कॉम्रेड’चे चित्रण पुरे व्हायला १४ वर्षे लागली आणि चित्रपट २०११ मध्ये आला. इतक्या वर्षांत पडद्यावर मुले मोठी होतात, खटला रेंगाळतो, एका वस्तीतील गाणे दुसऱ्या वस्तीतील तरुणांच्या तोंडी येते, आणि न्यायाला होणारा उशीर आकड्याने सांगण्याऐवजी माणसांच्या चेहऱ्यांवर दिसतो.

७. माळव्यातले एक उदाहरण : महंत झालेला गायक

आता ही सर्व साधने एकत्र कशी काम करतात हे माळव्यातीलच एका चित्रपटावरून पाहता येईल. माळव्यात देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे पवार, धारचे पवार आणि इंदूरचे होळकर यांच्यामुळे मराठी घरे कित्येक पिढ्या नांदत आली आहेत, आणि १९४८ साली क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले तेव्हा इथल्या लोकगीतांनी आणि निर्गुणी भजनांनी त्यांच्या गाण्याला नवे वळण दिले. त्यांच्या खिडकीबाहेर गायली जाणारी ही भजने म्हणजे खेड्यापाड्यांतील, विशेषतः दलित वस्त्यांतील मंडळींनी तंबुरा, करताल, मंजिरा आणि ढोलक यांच्या साथीने रात्र-रात्र जागवलेला कबीर होता.

चित्रपटकार शबनम विरमानी यांनी २००२ च्या गुजरातमधील दंगलींनंतर कबीराचा माग काढायला सुरुवात केली आणि २००८ साली त्यातून चार माहितीपट पुरे झाले. त्यांपैकी ‘कोई सुनता है’ कुमार गंधर्व आणि लोकगायक यांच्यातील नाते शोधतो, आणि ‘कबीरा खड़ा बज़ार में’ लुनियाखेडी येथील गायक प्रह्लादसिंह टिपानिया यांच्या घरात शिरतो. टिपानिया दलित समाजातील शिक्षक होते, तंबुऱ्यावर कबीर गाता गाता ते सर्वदूर पोहोचले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रपटातील पेच असा आहे की कर्मकांडावर कोरडे ओढणाऱ्या कबीराच्याच नावाने चालणाऱ्या कबीरपंथात त्यांनी महंतपद स्वीकारले आहे, आणि महंताला चौका आरती करावी लागते, म्हणजे पिठाने चौक भरून, नारळ फोडून, ठरलेल्या विधीने पूजा मांडावी लागते.

इथे उंचवट्याचे दोन्ही उतार स्वच्छ दिसतात. एका बाजूने पाहता, ज्या समाजाला मंदिराच्या पायरीवर उभे राहू दिले गेले नाही त्या समाजातील माणूस स्वतः पूजेच्या आसनावर बसतो यात मान आहे, आणि पंथाच्या चौकटीतून हजारो साध्या भक्तांपर्यंत कबीर नेता येतो. दुसऱ्या बाजूने पाहता, विधी आला की दक्षिणा आली, गादी आली, श्रेष्ठ-कनिष्ठ आले, आणि जे झुगारण्यासाठी कबीर गायचा तेच मागच्या दाराने घरात आले. चित्रपटात हा वाद बाहेरचा कोणी विद्वान घालत नाही. टिपानियांच्या जवळचीच माणसे त्यांना विचारत राहतात, ते उत्तर देतात, अडखळतात, पुन्हा तंबुरा घेऊन गातात. कॅमेरा त्यांच्यासमोर जमिनीवर बसलेला आहे, त्यांच्याकडे वरून पाहत नाही. संकलनात विधीच्या शेजारी भजन आणि भजनाच्या शेजारी घरातला वाद असा क्रम लागतो, त्यामुळे प्रेक्षकाला प्रत्येक वेळी पुन्हा तोलावे लागते. मराठी प्रेक्षकाला तर हा प्रश्न लांबचा नाहीच, कारण संतांच्या नावाने पालख्या, फड आणि मानपान कसे उभे राहतात हे त्याने पंढरीच्या वाटेवर पाहिलेले असते.

८. मग समाज बदलतो का?

शेवटचा प्रश्न उरला. चित्रपट पाहून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी जात विसरला, असे होत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणे चित्रपटावर अन्याय करणारे आहे. चित्रपट जे करू शकतो ते याहून लहान पण टिकाऊ आहे : एकमेकांना न ओळखणाऱ्या पुष्कळ माणसांना तो एकच प्रश्न एकाच वेळी देतो, आणि प्रश्न सामायिक झाला की त्यावर बोलणे शक्य होते. म्हणूनच चित्रपटानंतरची चर्चा हा चित्रपटाचाच भाग मानायला हवा. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी, म्हणजे चांगले चित्रपट एकत्र पाहून त्यांवर बोलणाऱ्या सभासदांच्या संस्थांनी, ही सवय जोपासली.

अशा चर्चेसाठी फार ज्ञान लागत नाही. चित्रपट संपल्यावर चार गोष्टी विचारल्या तरी पुरे : चित्रपटाने निरोप दिला की प्रश्न? ज्याची चूक आहे त्याचीही बाजू त्यात ऐकू आली का? कॅमेरा कोणाच्या शेजारी उभा होता आणि त्यामुळे प्रेक्षक कोणाच्या शेजारी उभा राहिला? आणि पडद्यावर कोण नव्हते, म्हणजे ज्याच्याविषयी बोलले गेले पण ज्याला बोलू दिले गेले नाही असे कोणी होते का? ‘सामना’तील मारुती कांबळे या चौथ्या प्रश्नानेच सापडतो.

देवासमध्ये याची एक देशी रीतही होऊन गेली. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या एकलव्य या संस्थेने १९९० च्या दशकात तिथे कबीर भजन एवं विचार मंच चालवला. महिन्यातून एका रात्री गावोगावच्या भजनमंडळ्या जमत, एक भजन होई, मग गाणे थांबवून त्याचा अर्थ काय, जातीचे यात काय सांगितले आहे, ते आपल्या घरी पाळले जाते का, यावर बोलणे होई आणि मग पुढचे भजन सुरू होई. गाणाऱ्यांनी वर्षानुवर्षे तोंडपाठ म्हटलेल्या शब्दांकडे स्वतःच वळून पाहिले, ते या थांबण्यामुळे. आज बागलीतील किंवा विंध्याच्या उतारावरील पाड्यातील तरुण चित्रपट पाहतो तो बहुधा मोबाइलच्या पडद्यावर, एकटा, आणि एकानंतर लगेच दुसरा. परंतु त्याच पडद्यावर चित्र जागच्या जागी थांबवण्याची कळही असते. चार जणांनी एकत्र बसून ‘फँड्री’ पाहावा, राष्ट्रगीताच्या दृश्यापाशी तो थांबवावा, डुकराच्या मागे धावता धावता ताठ उभ्या राहिलेल्या त्या कुटुंबाविषयी एकमेकांना विचारावे आणि बोलणे पुरे झाल्यावरच पुढे पाहावे. भजनमंडळीने दाखवलेली ती रीत चित्रपटालाही तितकीच लागू पडते.